आधी अक्षर, मग वेलांटी

आमची थोरली लेक सरकारी कार्यालयात तेरा वर्षं शिपाई होती. शिपायाला लिपिक होता येतं, पण त्यासाठी टायपिंगची परीक्षा द्यावी लागते. दहा मिनिटांत तीनशे शब्द, चुका पंधराच्या आत. संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव यादीतून जातं, आणि मग निवृत्त होईपर्यंत फायलीच उचलायच्या. थोरलीच्या दोन संधी गेल्या होत्या. तिसरीला सहा महिने होते. त्या सहा महिन्यांचं लिहितो आहे. मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, हाताखाली कितीतरी माणसं आली, पण एवढं चोख काम करणारं माणूस क्वचितच पाहिलं.

आधी ती नापास का झाली ते सांगतो. आळसाने नाही.

ती टायपिंग शिकली ती लोखंडी यंत्रावर. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत क्लास आहे. सर म्हातारे आणि कडक. नजर कागदावर, बोटांकडे बघायचं नाही. कुणी बघितलं तर ते बोलत नसत, फूटपट्टी टेबलावर आपटत. थोरली तिथे मिनिटाला चाळीस शब्दांवर गेली. यंत्रावर आपण हाताने लिहितो त्याच क्रमाने कळा दाबायच्या. 'निर्णय' लिहायचं तर आधी वेलांटी, मग न, मग ण, त्याच्या डोक्यावर रफार, शेवटी य.

परीक्षा मात्र कॉम्प्युटरवर निघाली. तिथे कळांच्या जागा वेगळ्या. त्या तिने महिनाभरात पाठ केल्या. खरी गोम क्रमात होती. कॉम्प्युटरला आधी अक्षर लागतं, वेलांटी त्याच्यानंतर. रफाराचं बरोबर उलटं. तिथे अर्धा र आधी आणि ण नंतर. थोरली म्हणाली, वेलांटी मागे गेली आणि रफार पुढे आला, सगळी रांगच कुणीतरी उलटी उभी केली आहे.

सावकाश लिहिताना तिला जमायचं. घड्याळ लावलं की बोटं जुन्या वाटेने पळायची. पहिल्या परीक्षेत ती सरांच्या शिस्तीने नजर कागदावर ठेवून दहा मिनिटं धडाधड लिहीत राहिली. पडद्याकडे शेवटी पाहिलं. 'अधिकारी'चा 'अिधकारी' झाला होता, आणि 'विभाग'ची वेलांटी एकटीच शब्दाच्या दारात उभी होती. एकसष्ट चुका. दुसऱ्या खेपेला ती धास्तावली. प्रत्येक वेलांटीला थांबली, मागे जाऊन तपासत बसली. चुका चारच, पण शब्द दोनशे तीस.

त्यानंतर हेडक्लार्कने तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्याला जागा लवकर भरायची होती आणि यादीत तिच्या मागचा उमेदवार तयार होता. थोरलीने नाव मागे घेतलं तर सगळ्यांचीच सोय होईल, असं त्याचं म्हणणं. वर म्हणाला, "ताई, फायली नेणं वेगळं आणि फायलीत लिहिणं वेगळं. चाळिशीत बोटं वळत नाहीत हो."

थोरलीने टेबलावरची फाईल उचलली. "ही कुठे द्यायची, साहेब?" एवढंच विचारलं आणि निघाली. घरी आल्यावर मात्र आईजवळ बसून रडली. जावई लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, महिन्यातले वीस दिवस बाहेर, म्हणून ती आमच्यातच राहते. त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा क्लासला निघाली. मी विचारलं, कशावर बसतेस? म्हणाली, यंत्रावर. परीक्षा तर यंत्रावर नाही. मग ती खरं बोलली. कॉम्प्युटरवर रोज हरल्यासारखं वाटतं, यंत्रावर बोटं पळतात, तेवढंच बरं वाटतं.

मी म्हणालो, "ते बंद कर. भिंत ओळंब्यात नसेल तर तिच्यावर आणखी थर चढवायचे नसतात. उतरवायचे असतात."

"बोटं म्हणजे विटा नाहीत, बाबा."

"माहीत आहे. विटा ऐकतात."

दोन दिवस ती तरीही यंत्रावरच बसली. मी उगीच सांगितलं नव्हतं. माझं उजवं मनगट कामातून गेलं तेव्हा मी डाव्या हाताने थापी धरायला शिकलो. पहिल्या महिन्यात दिवसभर रचायचो आणि संध्याकाळी निम्मं स्वतःच्या हाताने काढायचो. मुकादम हसायचा. पण वाकडं राहू दिलं असतं तर हाताला वाकडंच बरोबर वाटू लागलं असतं. हे तिला सांगितलं नाही. तिच्या लहानपणीचीच गोष्ट, तिला ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच सरांकडे गेली आणि यापुढे यंत्रावर बसणार नाही असं सांगून आली. सरांना वाईट वाटलं असावं. त्यांनी एवढंच विचारलं, नजर कागदावरच ठेवशील ना? ती हो म्हणाली. दर रविवारी क्लासमधल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर तासभर बसण्याची परवानगीही घेऊन आली.

घरी कॉम्प्युटर नव्हता. दुरुस्तीवाल्याकडे एक बाद झालेला कीबोर्ड पडला होता, तो त्याने देऊन टाकला. वायर तुटलेली, कळांवरची अक्षरं झिजलेली. थोरली म्हणाली, झिजलेली आहेत तेच बरं. पहाटे पाच ते सात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तो मुका कीबोर्ड पुढे घेऊन ती बसायची. पहिले पंधरा दिवस वेगाचं नावही काढलं नाही. प्रत्येक शब्द तोंडाने नव्या क्रमात म्हणायचा आणि बोटाने दाबायचा. न, वेलांटी, र, पाय मोड, ण, य. अर्ध्या अक्षरासाठी पाय मोडण्याची वेगळी कळ असते. आमची मंडळी चहा करता करता रोज ऐकायची. एकदा न राहवून म्हणाली, "सकाळी सकाळी कुणाचे पाय मोडतेस गं?"

"'र'चा, आई. रोज मोडते, तरी दुसऱ्या दिवशी चालत येतो."

कार्यालयाच्या वाटेवरच्या पाट्या ती तशाच वाचायची. 'चिकित्सालय', 'विक्री केंद्र', 'निर्गमन'. चालता चालता बोटं पिशवीवर. कार्यालयात फाईल घेऊन सहीसाठी उभी असली की फायलीच्या पाठीवर. एका साहेबांनी विचारलं, ताई, हात थरथरतात का, डॉक्टरांना दाखवलंत का? तिने दाखवलंय म्हणून सांगितलं आणि चालू ठेवलं.

मला त्या कीबोर्डवर काय लिहिलं जातंय ते दिसायचं नाही. कुणालाच दिसलं नसतं. पण आवाज ऐकू यायचा. फरशी बसवल्यावर आम्ही थापीच्या मुठीने ठोकून बघतो. खाली माल नीट भरला नसेल तर आवाज पोकळ येतो. तसंच हे. बोटं सरळ चालली की टक टक टक एका लयीत. वेलांटीपाशी अडली की मध्ये फट. मी समोर घड्याळ घेऊन बसायचो आणि फट ऐकू आली की पाटीवर खडूने रेघ मारायचो. दहा मिनिटांनी ती रेघा मोजायची. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस. तिने पाटी पुसली आणि पुन्हा बसली.

एक दिवस मी दोन रेघा कमी मारल्या. तिला ताप होता. तिने पाटी पाहिली आणि म्हणाली, "दोन कुठे गेल्या?" मी शरमलो. चाळीस वर्षांत कुणाच्या भिंतीत मी असं केलं नव्हतं, आणि मुलीच्या कामात केलं. त्या रेघा मी मारल्या. त्यानंतर तसं पुन्हा केलं नाही.

चौथ्या महिन्यात रेघा दहाच्या खाली आल्या. पाचव्यात दोन, कधी तीन. रविवारी क्लासमध्ये खऱ्या पडद्यावर पाहिलं की हिशेब जुळायचा. पण तिला वेगळीच काळजी होती. चूक झाल्याचं बोटाला लगेच कळतं, आणि कळलं की मागे वळावंसं वाटतं. दुसरी परीक्षा तिने तशीच घालवली होती. शेवटचा महिना तिने फक्त त्याच्यावर घातला. मुद्दाम चूक करायची आणि पुढे जायचं. माझ्यासारख्याला ते बघवत नाही. मी बाहेर जाऊन बसायचो.

परीक्षेला मी सोबत गेलो. लांबलचक व्हरांडा, बंद दार, आत तीस उमेदवार. घंटा झाली आणि सगळे कीबोर्ड एकदम सुरू झाले. मी कान देऊन ऐकलं. तिचा आवाज वेगळा काढता येतो का पाहिलं. नाही आला. एवढे महिने रोज ऐकूनही नाही. तेव्हा कळलं, आता माझ्या रेघांचा काही उपयोग नाही, जे आहे ते तिच्याजवळ आहे.

ती बाहेर आली ती घामाने भिजलेली. जिना उतरताना तीच म्हणाली, "चौथ्या ओळीत नियुक्तीची वेलांटी आधी पडली."

"मग?"

"मग पुढे गेले."

त्या वेळी निकाल लागलेला नव्हता, तरी मला तिचा अभिमान वाटला तो तिथेच, जिन्यावर. झालेली चूक तशीच ठेवून पुढे जाणं मला जन्मात जमलेलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तीनशे अठरा शब्द, चुका नऊ. पास. तिने स्वतः आठ मोजल्या होत्या. नववी कुठली, हे तिला अजून कळलेलं नाही आणि ते तिला सलतं. आईने पेढे नको का म्हणून विचारलं, तर म्हणाली, आधी नववी सापडू दे. मग हसली.

हेडक्लार्कने तिला नवीन टेबल दाखवलं, खुर्ची स्वतः पुसून दिली, असं ती सांगत होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आली तेव्हा आम्ही दोघं वाटच पाहत होतो. आई म्हणाली, "पहिलं काय लिहिलंस ते सांग."

"एक पत्र. या कार्यालयातील शिपायाचं एक पद रिक्त झालं आहे, ते लवकर भरावं."

मी विचारलं, "चुका?"

"एकही नाही," थोरली म्हणाली. "दोनदा तपासलं."