पुढे चंपतराव

इतवारीच्या भांडेबाजारात चंपतराव बारापात्रे यांचं दुकान नाही, दुकानाची पायरी आहे. दुकान दुसऱ्याचं, पायरीवरचं स्टूल, डोक्यावरचा बल्ब आणि भांड्यांवर नाव टाकायची मशीन एवढं चंपतरावांचं. नागपुरातल्या निम्म्या लग्नांतले डबे, पराती अन् कुकर आपल्या हाताखालून गेले, असं ते सांगतात. उरलेल्या निम्म्यांनी पत्रिकेवर ‘अहेर आणू नये’ छापलं होतं, असं गोलू सांगतो.

गोलू म्हणजे शेजारच्या गल्लीतला कापडवाला. नाव लहान, देह मोठा, आणि तोंड देहाहून मोठं. मी पवनीचा. शाळा तिथली, डिप्लोमा भंडाऱ्याचा, नोकरी सीताबर्डीत लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात, आणि राहायला चंपतरावांच्या घराच्या वरच्या खोलीत. भाडेकरू म्हणून ठेवताना त्यांनी मला एकच विचारलं होतं: “गाडी हाय का?” आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या आईवडिलांची चौकशीसुद्धा केली नाही.

कारण रविवार. सोमवार ते शनिवार चंपतराव मान खाली घालून बसतात, वीतभर जागेत डोळे रोवून. तुळशीची लग्नं आटोपली, हवेत जरा शिरशिरी आली, की रविवारी सकाळी त्यांची येझदी मोटारसायकल बाहेर निघते आणि तिच्यामागे आम्ही पाचसहा जण. कामठी, कन्हान, मग आतल्या रस्त्याने रामटेककडे. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, नदीवर धुकं, नाकात कोळशाचा आणि जाळलेल्या पेंढ्याचा वास. कानाला मफलर बांधून, डोळ्यांतून पाणी गाळत हे सगळं सुख आम्ही भोगायचो. पवनीत असं कोणी केलं असतं तर घरच्यांनी अंगारा लावला असता.

नियम एकच. पुढे चंपतराव, आणि त्यांना ओलांडायचं नाही. त्यांनी डावा हात खाली झटकला की खड्डा, बाजूला काढला की वळण, वर धरला की थांबा. त्यांच्या मागच्याने ते पाहून तसंच करायचं, त्याच्या मागच्याने त्याचं पाहून, आणि ही खबर शेवटच्या प्रीतमपर्यंत जायची. प्रीतम रेल्वेत गार्ड आहे, त्यामुळे शेवटी राहण्याची त्याला सवय. बाकीच्यांनी डोकं चालवायचं नाही. आठवडाभर डोकं चालवून दमलेल्या माणसांना याहून मोठी सुट्टी कोणती?

या वर्षी मात्र पहिल्याच रविवारी येझदी रस्त्याच्या मधोमध चालायला लागली.

“चंपतभाऊ,” चहाच्या टपरीवर गोलू म्हणाला, “रस्ता नावावर करून घेतला का गा?”

“कडेनं खड्डे राहतात,” चंपतराव म्हणाले आणि डावीकडे ठेवलेला चहाचा ग्लास कोपराने पाडला. आम्ही हसलो. पुढच्या रविवारी ते टपरीच्या खांबाला खांदा घासून गेले. तेव्हाही हसलो. घरात उंबऱ्याशी ठेवलेली बादली त्यांनी तीनदा लाथाडली, तेव्हा पार्वतीबाई, म्हणजे त्यांची बायको, तेवढी हसली नाही. तिने बादलीची जागा बदलली.

त्यानंतरच्या रविवारी कन्हानचा पूल ओलांडून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. मी त्यांच्या मागेच होतो. समोर डाव्या कडेने एक दूधवाला सायकलवरून चालला होता, मागे दोन्हीकडे कॅन लटकवलेले. चंपतराव आज मधोमध नव्हते, हळूहळू डावीकडे सरकत होते. मला वाटलं, टाळतील. येझदीचं हँडल कॅनला लागलं, सायकल कलली, माणूस आणि दूध दोन्ही नालीत गेले.

चंपतरावांनी मागे पाहिलं नाही. हात वर केला नाही. हात वर झाला नाही म्हणून मी थांबलो नाही, मी थांबलो नाही म्हणून गोलू थांबला नाही, आणि आमची अख्खी वरात त्या पडलेल्या माणसाच्या बाजूने शिस्तीत निघून गेली. थांबला तो प्रीतम, कारण त्याच्या मागे कोणी नव्हतं. मग माझं डोकं ठिकाणावर आलं. मी हॉर्न दाबून धरला आणि येझदीच्या पुढे गाडी आडवी घातली.

“काहून बे ओलांडलं मले?” चंपतराव खरंच चिडले होते.

“काका, मागं माणूस पडला.”

“कोणाच्या गाडीनं?”

गोलूने गॉगल काढून पुसायला घेतला. आम्ही परत गेलो, तर प्रीतमने दूधवाल्याला नालीतून वर काढलं होतं. गुडघा सोलला होता, पायजमा दुधाने ओला. त्याने चंपतरावांकडे बोट केलं.

“आंधळा हायेस का बुढ्या? एवढा रस्ता सोडून माह्याच अंगावर?”

चंपतराव हसले. त्यांना वाटलं, दूधवाल्याची माणूस ओळखण्यात चूक झाली. “आंधळा? अरे, चमच्यावर चार जणांची नावं टाकतो मी.”

“मंग माह्या गुडघ्यावर टाक तुह्यं नाव,” दूधवाला म्हणाला.

त्यावर गोलूसुद्धा हसला नाही.

पार्वतीबाईला मीच सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी मला रजा टाकायला लावली आणि चंपतरावांना माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, बुबुळं पाहिली, मग चंपतरावांना एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. समोर पाहत राहायचं आणि कुठेही बारीक लाइट लुकलुकला की बटण दाबायचं, एवढंच काम. आतून बटणाचा आवाज इतक्या नेमाने येत होता की मला हायसं वाटलं.

बाई बाहेर येऊन म्हणाल्या, “काका, लाइट नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलं.”

“येईलच म्हणून दाबलं, मॅडम.”

त्यांना पुन्हा बसवलं. या वेळी आतून फारसा आवाज आला नाही.

काचबिंदू. डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या, दोनदा बोलल्या. मधलं दिसतं, कडेचं गेलं. गेलं ते येत नाही. थेंब नेमाने घातले तर उरलेलं टिकेल. गाडी मात्र बंद.

“मी फक्त रविवारीच चालवतो,” चंपतराव म्हणाले.

“रविवारी बाजूनं माणसं येत नाहीत का, काका?”

परतताना ऑटोत ते एवढंच बोलले: “माह्या बापानं शेवटी भिंत धरली होती. आम्ही म्हणत होतो, बुढा झाला.”

पण घरी आल्यावर त्यांनी मशीन काढली, एक चमचा घेतला आणि त्याच्या दांड्यावर ‘पार्वती चंपतराव बारापात्रे’ असं मुंगीएवढ्या अक्षरांत टाकलं. चमचा माझ्यासमोर धरला. “वाच. सांग तुह्या डॉक्टरनीले.” वाचायला मला मोबाईलचा टॉर्च लावावा लागला. एकही अक्षर हललेलं नव्हतं.

“अक्षरं दिसतात,” पार्वतीबाई म्हणाली, “अन् मी?”

चंपतराव दचकून वळले. ती त्यांच्या डाव्या हाताशी केव्हाची उभी होती.

“तू कधी आली वं?”

ती स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळाने जिन्यात मला गाठून म्हणाली, “बाबू, मी सांगितलं तर बायकोची कटकट होते. डॉक्टरीण त्याइच्या मते धंदा करून राहिली. पण तुम्ही एवढे गडी त्याइच्या मागं फिरता. एकाच्याही तोंडातून निघत नाही का, की भाऊ, उतरा आता खाली?”

निघत नव्हतं. प्रीतम म्हणाला, माझं त्यांच्याशी बोलणंच कमी होतं, मी शेवटी असतो. मी म्हणालो, मी भाडेकरू, आणि वयाने लहान. बाकीचे दोघं म्हणाले, गोलूने सांगावं, तो काहीही बोलू शकतो. गोलूने खूप विचार केला आणि न बोलता काम होईल अशी युक्ती काढली.

“रविवारी ते निघतील तेव्हा कोणी हलायचंच नाही. चौकापर्यंत जातील, आरशात पाहतील, मागं कोणी नाही. परत येतील. काय ते समजून जातील. आपल्याले बोलायचं कामच नाही.”

आम्हाला ती युक्ती फारच सभ्य वाटली.

रविवारी चांगलंच धुकं होतं. बाजार बंद, हातगाड्या साखळ्यांनी बांधलेल्या. चंपतराव मफलर आवळून तयार होते. घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दूधवाल्याचा विषयही निघाला नाही. त्यांनी येझदीला लाथ मारली, आमच्या सगळ्यांच्या गाड्या सुरू झाल्याचा आवाज ऐकला, हात पुढे केला आणि निघाले. आम्ही जागच्या जागी गाड्या गुरगुरवत उभे राहिलो.

येझदीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला, वळला, बारीक झाला.

“आता येतील,” गोलू म्हणाला.

आम्ही गाड्या बंद केल्या. एका कुत्र्याने येऊन आमच्याकडे पाहिलं आणि ते गेलं.

“येतीलच. आरशात तर पाहतीलच ना.”

तेव्हा प्रीतम हळूच म्हणाला, “आरसा बाजूलेच राहते ना बे.”

आम्ही कसेबसे निघालो, कोण पुढे कोण मागे याचा पत्ता नाही, एकमेकांना कट मारत. कामठी रोडवर जिथे जिथे चार माणसं जमलेली दिसली तिथे मी गाडी हळू करून येझदी शोधली. एका ठिकाणी रस्त्यावर काचा होत्या. जुन्या असतील, असं मी स्वतःला सांगत गेलो. एका ट्रकच्या मागे काळी गाडी आडवी पडलेली दिसली, जवळ गेल्यावर ते ताडपत्रीचं गाठोडं निघालं. गोलू त्या थंडीत घामाने निथळत होता आणि एकटाच मोठमोठ्याने शिव्या देत होता. कोणाला, ते विचारायची गरज नव्हती.

चंपतराव कन्हानच्या पुलाअलीकडे आमच्या नेहमीच्या टपरीवर बसले होते. येझदी स्टँडवर. समोरच्या फळीवर आम्हा सगळ्यांचे चहा ओतून मांडलेले, त्यावर साय धरलेली.

“आले का पोट्टे,” ते म्हणाले. “कोणाची गाडी बंद पडली? कामठीपाशी मोठा खड्डा होता, मी हात दाखवला. दिसला ना?”

“दिसला, भाऊ,” गोलू म्हणाला.

“अन् फाटकापाशी थांबवलं तुमाले, तो ट्रॅक्टर होता म्हणून.”

“हाओ.”

मला वाटलं, हे असंच चालू राहणार, आम्ही साय काढून थंड चहा पिणार आणि ते पुन्हा गाडीवर बसणार. प्रीतमने हेल्मेट काढलं. त्याला या माणसाशी समोरासमोर बोलायची सवय नव्हती, म्हणून तो टपरीवाल्याकडे पाहत बोलला.

“भाऊ, आम्ही मागं नव्हतो. दुकानापासूनच नव्हतो.”

चंपतराव हसायला निघाले होते, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. प्रत्येकासाठी त्यांना मान पूर्ण वळवावी लागली.

“मंग मी हात कोणाले दाखवत होतो?”

गोलू बोटाने चहावरची साय काढायला लागला.

“मुद्दाम केलं?”

“हाओ,” मी म्हणालो. “तुम्ही चौकातूनच परत याल असं वाटलं, काका.”

“तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“नाही आलं.”

त्यांनी मान पुलाकडे वळवली. पुलावरून कोळशाचे ट्रक जात होते, आणि खाली नदीच्या जागी नुसतं पांढरं होतं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, फळीवर ठेवली. मी ती उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी ती पुन्हा उचलून खिशात घातली.

“माह्या गाडीवर कोणी बसायचं नाही,” ते म्हणाले. “टेम्पो पाहा.”

फुलकोबी उतरवून परत निघालेला एक टेम्पो मिळाला. येझदी दोरीने बांधून उभी केली, खाली कोबीचा पाला. चंपतराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. टेम्पो इतका हळू चालला होता की सायकलवाले त्याच्या पुढे जात होते. आम्ही मागेच राहिलो. इतवारीत पार्वतीबाईने दार उघडलं, टेम्पोवरची गाडी पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसासारखी ती अजिबात दिसत नव्हती.

थेंब ते घालतात. पार्वतीबाई सांगते, तेही घड्याळ लावून, भांडल्याशिवाय. पायरीवरचं काम चालू आहे, आणि लग्नसराई असल्याने गर्दीही आहे. गिऱ्हाईक डाव्या बाजूने आलं तर त्याला दोनदा हाक मारावी लागते. भाडं द्यायला मी खाली जातो तेव्हा ते माझ्याशी हवामानाबद्दल बोलतात, पवनीला धान कसं झालं ते विचारतात. गाडीचं विचारत नाहीत. येझदी अंगणात कापडाखाली आहे. विकतही नाहीत, कोणाला हात लावू देत नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्या दारात गेलो. गोलूने त्यांच्यासाठी आपल्या गाडीवर मागे नवी गादी बसवून आणली होती, इतकी जाड की त्याच्या दुकानातलं अर्धं ठाण त्यात गेलं असावं. दार लोटलेलं होतं. आतून चंपतरावांचा आवाज आला, चांगला स्पष्ट, गल्लीला ऐकू जाईल असा: “निजला हाय म्हणून सांग त्याइले.”

पार्वतीबाई दारात आली. आमच्याकडे न पाहता म्हणाली, “निजले हायेत ते.”

“बरं,” गोलू म्हणाला. “निजू द्या.”

आम्ही गाड्या ढकलत चौकापर्यंत आणल्या, मग सुरू केल्या. हवा छान होती, अगदी हवी तशी, ऊन कोवळं आणि वाऱ्याला धार. सिग्नल हिरवा झाला. प्रीतमने माझ्याकडे पाहिलं, मी गोलूकडे, गोलूने प्रीतमकडे. आधी कोणी जायचं, हे कोणालाच ठरवता येईना. मागच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढून आईवरून शिवी हासडली, तेव्हा कुठे गोलू निघाला.