दुसऱ्याच्या बाळाचं थडगं

"बठ्ठं ठीक शे, भाऊ," असं अक्का म्हणायच्या. विचारा किंवा नका विचारू, त्यांचं सगळं ठीकच. नवरा गेला तेव्हाही, तेराव्याच्या पंगतीत वाढताना त्या हेच म्हणाल्या. शेजारीण अशी असली की माणूस विचारणंच सोडतो. तुम्हीही सोडलं असतं.

एकदा त्यांनी मला धुळ्यातल्या जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या कब्रस्तानात स्कूटरवरून सोडायला सांगितलं. आत गुडघाभर गवत, कललेले दगडी क्रूस, पुसट झालेली साहेबांची नावं. अक्का सरळ भिंतीलगतच्या एका बुटक्या थडग्याशी गेल्या. पदराने माती पुसली, पिशवीतली दोन बिस्किटं वर ठेवली. दगडावर एका बाळाचं नाव होतं. अक्कांना वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचायला लागलो, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"अक्का, कोण हे तुमचं?"

"कोनी नही."

मग गवत उपटता उपटता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "मना पहिला पोऱ्या आठ दिनना व्हता. भडगावले गिरनाना काठले पुरी दिना. बाया जातीस नही ना. कोठे पुरा, माले कोनी दखाडं नही."

"विचारलं नाहीत?"

"सासराले इचारं. सासरा बोलना, नदीले पूर ई गया, आते काय दखाडू?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, थडग्याकडे बोट दाखवलं. "आठे दगड तरी शे."

त्यानंतर मी त्यांना बरेचदा सोडलं. फाटकाशी थांबायचो. त्या रडताना कधी दिसल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मेथी निवडता निवडता अक्का गेल्या. मुलगा पुण्याहून आला. त्याला त्या थोरल्या भावाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

"अस्थी नाशिकला नेतो, काका."

"भडगावला ने. गिरणेत सोड."

"आईला तर त्या गावाचं नावही नको असायचं."

"तरी ने."

का, ते मी सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मी सोबत गेलो. गिरणेला पाणी घोट्याइतकंच होतं. मुलाने मडकं कलतं केलं. रडू येईल असं मला वाटलं होतं, पण काहीच झालं नाही. मी चपला हातात धरून नुसता उभा होतो. राख थोडी फिरली आणि तिथेच वाळूवर बसली.

"काका, वाहत नाही हो."

"राहू दे," मी म्हणालो.