फ्रीजमधला चुका

बुदैया गावच्या अरब बाई शाळेत शिकवता शिकवता इथल्या आखाती वाळूत उगवणारं एकेक झाड चित्रात उतरवत आल्या. त्यांच्या तरुणपणी बाईमाणूस असं एकटं रानात हिंडत नसे. लोक म्हणायचे, मास्तरीणबाईंची बकरी हरवलेली दिसते. हे त्यांनीच मला हिंदीत, हसत सांगितलं. पाचेक वर्षं मी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या मदतीला जात होते. ब्रश धुवायचे, कागद ताणायचा आणि त्यांचं लक्ष नसेल तेव्हा आपणही थोडं चितारायचं. हल्ली मात्र डोळे दुखतात म्हणून त्या ब्रश हातात घेत नव्हत्या. मला वाटलं, वय झालं.

त्यांच्या झाडांच्या पुस्तकातलं एकच चित्र राहिलं होतं, रानातल्या चुक्याचं. पाऊस पडला की सखीरच्या वाळवंटात तो उगवतो आणि थोड्याच दिवसांत खलास. बाईंचा नियम कडक होता: फोटोवरून काढायचं नाही, ताजं झाड मुळासकट समोर हवं. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी एक रोप खणून आणलं आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सनद भागातल्या माझ्या घरी फ्रीजमध्ये ठेवलं. या शेवटच्या चित्रासाठी शुक्रवारी दहाला बाई माझ्याकडेच येणार होत्या.

नऊला फ्रीज उघडला, तर वर्तमानपत्र नीट घडी घालून ठेवलेलं. यवतमाळहून व्हिजिट व्हिसावर आलेली माझी आई वरणाला फोडणी देत होती.

"चुकाच तं होता बाप्पा. सुकून राहिला होता, टाकला वरणात."

आधी आईवर ओरडले, मग स्वतःवर. आमच्या घरात चुका दिसला की तो वरणातच जातो, हे मला कळायला नको?

बाई आल्यावर खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती.

"चार महीने से ऐसा है. आँख का तो बहाना था. आज सुबह से डर रही थी कि तुम देख लोगी."

इतका सुटल्यासारखा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मलाही एकदम हलकं वाटलं. त्यांनी वरणभात दोनदा मागून घेतला.

"यल्ला, अभी सखीर चलो. चित्र तुम बनाओगी."

मी नाही नाही म्हणत गेले. वाळूत दुसऱ्या रोपापुढे बसून त्या मापं सांगत होत्या, मी काढत होते. चित्र पुरं झाल्यावर खालच्या कोपऱ्यात माझं नाव मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, आणि ती त्यांनी तशीच राहू दिली.