आबांची बंदूक हलकी कशी झाली

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू येतं, मग लाज वाटते, आणि शेवटी नेमकं काय वाटायला हवं तेच कळत नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चोऱ्या तर रोजच्याच. त्यात गुन्हा काय ते माहीत असायचं, फक्त गुन्हेगार शोधायचा असायचा. इथे गुन्हा कोणता हेच मला चार दिवस कळत नव्हतं. माणसांची नावं सांगणार नाही आणि ठाण्याचंही नाही. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि आमचं ठाणं अलीकडचं, एवढं पुरे.

त्या हिवाळ्यात आमच्या हद्दीत बिबट्याने उच्छाद मांडला होता. उसाचे फड तुटू लागले की तो वस्त्यांकडे सरकतो. चार-पाच शेळ्या गेल्या होत्या, लोक चिडले होते. एका सकाळी हजेरी आटोपून मी चहा घेत असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"साहेब, आमच्या गावात फलाणे आबा हायेत. त्येंनी बंदुकीची नळी बदलून घेतलीया. पार हलकी केलीया. बिबट्या मारायचा बेत हाय. मागनं म्हनू नका सांगितलं न्हाई म्हून."

फोन बंद झाला. निनावी खबर दहांपैकी नऊ वेळा भाऊबंदकीची असते, हे मला माहीत होतं. पण दहावी सोडली तर नोकरी जाते, हेही माहीत होतं. परवान्याच्या पुस्तकात बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. परवानगीशिवाय नळी बदलणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्या बंदुकीने बिबट्या मारला तर वन खात्याचा गुन्हा वेगळाच.

आबा म्हणजे पंच्याहत्तरीचे गृहस्थ. घराणं मूळचं मेंढपाळांचं. वडिलांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि त्याच सुमारास एक शिकारीची रायफल घेतली. पुढे शिकारीला बंदी आली. बंदूक राहिली ती पीक संरक्षणाच्या परवान्यावर, रानडुकरांना पळवून लावण्यापुरती. मुलगा रांजणगावला कंपनीत, घरी सून. आम्ही पोहोचलो तेव्हा आबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"या साहेब. चहा टाक गं," ते म्हणाले. पोलीस आले म्हणून चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. हे निर्ढावलेपणाचं लक्षण की निष्पापपणाचं, हे ओळखण्यातच आमची निम्मी नोकरी जाते.

बंदूक भिंतीवर, काळ्या घोंगडीच्या शिवलेल्या पिशवीत होती. बाहेर काढली आणि मी चमकलो. दस्ता जुनाट, वर्षानुवर्षं घामाने काळवंडलेला, आणि नळी मात्र नवी, निळसर, कुठे गंजाचा ठिपका नाही. हातात घेतली तर खरोखरच हलकी. दोन पंच बोलावून पंचनामा केला. वजन करायला गावातल्या डेअरीचा काटा आणवला. तीन किलोलाही थोडं कमीच भरलं. ते पंचनाम्यात लिहून घेतलं. घेतलं खरं, पण ताडून कशाशी पाहणार? परवान्यात बंदुकीचं वजन लिहीत नाहीत. माझ्या हवालदारानेही हीच शंका काढली, तर मी त्याच्यावर डाफरलो. नळी नवी म्हणजे नंबर जुळणार नाहीच, असं धरून परवान्याशी नंबर मात्र मी ताडून पाहिलाच नाही.

ठाण्यात आणून आबांना खुर्ची दिली.

"आबा, बंदूक हलकी कशी झाली?"

"आपसूक झाली."

"लोखंड आपसूक कसं हलकं होईल?"

"मी बी त्येच म्हनलो, साहेब. आधी उचलायला दोन हात लागायचं, खांदा भरून यायचा. आन् एक दिस उचलली तर फुलावानी. सुनंला म्हनलो, बिरोबानं ऐकलं. नारळ बी फोडला."

"बिरोबा नळी बदलतो?"

"त्याला काय अशक्य हाय?"

मागे हवालदार खोकल्याच्या आडून हसला. मी आवाज चढवला. "आबा, कोणाकडे दिली होतीत बंदूक?"

"कुणाकडं न्हाई. इलेक्शनला तुमच्याकडंच जमा हुती की. तुमच्याकडनं आली ती अशीच आली."

"म्हणजे पोलिसांनी तुमची नळी बदलली?"

"तसं न्हाई म्हनत मी. मला वाटलं, तुमी तेलपानी करून दिली. सरकार करतं की कवा कवा चांगलं."

हा माणूस माझी टर उडवतोय, असा माझा समज झाला. आजही 'तुमच्याकडनं आली ती अशीच आली' हे वाक्य आठवलं की कानाची पाळी गरम होते, कारण त्या वाक्यात सगळा तपास संपलेला होता. मी ते जबाबात लिहूनसुद्धा घेतलं नाही. 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो' एवढंच लिहिलं, आणि रोज ठाण्यात हजर राहायला सांगून आबांना संध्याकाळी घरी सोडलं.

पुढचे दोन दिवस आम्ही वाऱ्यावर वरात काढली. बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना असलेले पुण्यातले कारागीर फोनवर विचारून झाले. आबांचं नाव कोणाच्याच वहीत नव्हतं. मग वाटलं, कुठल्या तरी लेथवर चोरून काम झालं असेल. एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमधून परप्रांतीय टर्नरला उचलून आणलं. त्याने बंदूक पाहून दोन पावलं मागे घेतली. "साहब, हम तो ट्रैक्टर का पिन बनाते हैं," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. त्याला चहा पाजून परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी जिल्हा मुख्यालयातून शस्त्रागाराचे जाणकार हवालदार आले. मितभाषी माणूस. त्यांनी बंदूक उलटीपालटी केली, भिंग लावलं आणि म्हणाले, "नळी बदललेली आहे, सर. काम पक्क्या कारागिराचं आहे, चोरटं नाही. जुनी नळी झिजली असणार. नवी बारीक घेर असलेली बसवली, म्हणून वजन उतरलं."

"म्हणजे गुन्हा शाबीत."

"तसं नाही. नळी बदलली तरी मागच्या पोलादी भागावरचा मूळ नंबर तोच राहतो. तो परवान्यातल्या नंबराशी जुळायला हवा. इथे नळीवरचा आणि मागचा हे दोन्ही एकमेकांशी जुळतात, पण तुमच्या परवान्याशी एकही जुळत नाही. सर, ही बंदूकच या आजोबांची नाही."

नळी बदलली हा आरोप त्या मानाने साधा. आता प्रश्न होता, की आबांची मूळ बंदूक कुठे आहे, आणि ही दुसऱ्याची बंदूक त्यांच्या भिंतीवर कुठून आली? विकली असेल तर कोणाला? मी फौजदारी कारवाईची तयारी केली. दुसऱ्या दिवशी अटक दाखवून कोर्टात हजर करायचं ठरलं. सुनेला बोलावून वकील पाहायला सांगितलं. ती डबा घेऊन आली होती. डबा तसाच हातात धरून ती म्हणाली, "साहेब, मामा येरवड्यात दोन दिस बी काढायचं न्हाईत. त्येंना रातच्याला ऊठबस करायला मानूस लागतं."

आबांना मी नंबरांचं समजावून सांगितलं. तुरुंगाचं नाव ऐकूनही ते डगमगले नव्हते. पण 'तुमची बंदूक तुम्ही विकली असा संशय आहे' म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पहिल्यांदाच.

"मी बापाची बंदूक इकली?" ते म्हणाले. "त्यानं मरताना हातात दिली ती. साहेब, मला आत टाका, पर आसं कागदावर लिवू नका. गाव वाचंल."

त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाही. पण नंबरही खोटं बोलत नव्हते. दोन्ही खरं कसं असेल?

आमच्याकडे मुद्देमालाचं काम नुकतंच एका महिला पोलीस नाईककडे आलं होतं. ती दारात येऊन उभी राहिली. "सर, विचारू का? इलेक्शनच्या वेळी नदीपलीकडच्या ठाण्याच्या बंदुका आपल्या खोलीत होत्या ना? त्यांचं छत गळत होतं म्हणून?"

होत्या. वीस-बावीस बंदुका टेम्पोतून आल्या होत्या आणि निकालानंतर गेल्या होत्या. त्यांचं रजिस्टर त्यांच्याकडेच होतं, म्हणून आमच्या रजिस्टरात तो नंबर शोधून कधीच सापडला नसता. मी तिकडे फोन लावला. दहा मिनिटांत मोबाइलवर पानाचा फोटो आला. तिसऱ्या ओळीत तोच नंबर होता. मालक दौंड तालुक्यातले, राहूजवळच्या वस्तीवरचे एक आप्पा. पुढे शेराही होता: सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने नळी बदलली.

काय झालं होतं ते मग उलगडलं. आमच्या भागात जुने परवानाधारक बंदूक घोंगडीच्या पिशवीत ठेवतात. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेताना आम्ही त्या पिशवीतून काढून नंबर काटेकोर लिहितो. मधे वरिष्ठांची तपासणी आली, तेव्हा सगळ्या बंदुका बाहेर काढून पुसल्या आणि परत पिशव्यांत घातल्या. दोन्ही रायफली एकाच घडणीच्या, दस्ते सारखेच काळवंडलेले. त्या दोहोंची अदलाबदल झाली. परत देताना नंबर पाहणं नियमात आहे. पण मालक येतो, लांबूनच म्हणतो, "ती माझी घोंगडी," आणि आम्ही घोंगडी देतो, सही घेतो. घोंगडी आबांचीच होती, बंदूक आप्पांची. परतीच्या रजिस्टरावर खाली माझी सही होती.

मी स्वतः राहूला गेलो. आप्पा, आबांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे, घरात बाजेवर पडलेले होते. त्यांची घोंगडी खुंटीला टांगलेली होती. पिशवीचं तोंड बांधलेलंच होतं.

"आप्पा, इलेक्शननंतर बंदूक पाहिलीत का?"

"कशाला बघू? आनली त्या दिशी उचलाय गेलो, तर खांद्याच्या वर जाईना. नळी बदलून हलकी केली हुती मी, ह्याच्यासाठनं. ती बी जड व्हाय लागली, तवा वळखलं, आपलं भरत आलंय. पिशवीतनं काढली सुदिक न्हाई. रानात जायाचं सोडलं. वाटण्या करून टाकल्या."

सहा महिने हा माणूस अंगात बळ असताना अंथरुणाला खिळला होता, कारण माझ्या ठाण्यात कोणी एक नंबर वाचला नव्हता. मी माफी मागितली. त्यांना ती कशाबद्दल हे दोनदा समजावून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा कळलं, तेव्हा त्यांनी मला अशी अस्सल शिवी हासडली की पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या आरोपीने हासडली नसेल. मी ती ऐकून घेतली. हक्काची होती.

रीतसर कागद करून दोघांना ठाण्यात बोलावलं. आप्पांनी आपली बंदूक घेतली आणि सरळ खांद्याला लावली. सगळ्यांसमोर, एका दमात. त्यांची पाठ ताठ झाली. आबांनी आपली घेतली. नंबर परवान्याशी जुळला, बापाची बंदूक परत मिळाली, गुन्हा दाखल झाला नाही. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला, बंदूक उचलली, आणि हात अर्ध्यात थांबला. खाली टेकवून ते बाकावर बसले.

"ब्येस झालं साहेब," ते म्हणाले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी चूक आमची, सही माझी, असं स्पष्ट लिहिलं. माझ्या सेवापुस्तकात त्याचा शेरा आहे. त्यानंतर जिथे बदली झाली तिथे दुसऱ्याच्या घराची झडती घेण्याआधी मी आपली मुद्देमालाची खोली उघडून पाहायचो. आणि कोणी म्हातारा 'तुमच्याकडनंच आली' म्हणाला, तर ते शब्दशः लिहून घ्यायचो. उद्धट उत्तर आणि खरं उत्तर यांचा आवाज कित्येकदा एकच असतो. पण एक गोष्ट मला आजही उलगडत नाही. मी चूक दुरुस्त केली, तेव्हा एका म्हाताऱ्याचं बळ परत आलं आणि दुसऱ्याचं गेलं. हा न्याय झाला की काय झालं?

त्या दिवशी न राहवून मी आबांना म्हणालो, "तुमचीही नळी झिजलेलीच आहे. बदलायच्या परवानगीचा अर्ज करा. मी स्वतः लिहून देतो." ते कबूल झाले. मी अर्ज लिहायला घेतला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'नळी झिजली आहे.' आणि वाचून दाखवलं.

आबांनी जरा विचार केला.

"त्ये ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "त्याच्याखाली आजून एक लिवा. अर्जदार म्हातारा झालाया. पोलिसांनी चार दिस तपास करून सिद्ध केलंया."