पिण्याच्या पाण्यात गेला

दारावर लावायच्या मयतीच्या कागदावर चारच ओळी मावतात असं फान्का म्हणाली. आमच्याकडं असले सगळे कागद तीच छापते. चार ओळींत माझा भाऊ मावत नाही, म्हणून बाकीचं इथं गावाच्या ग्रुपवर टाईप करतेय. एका बोटानं करतेय, चुकलं तर चुकलं. मी सातवीपर्यंतच गेलेली आहे.

माझा थोरला भाऊ मिन्को. मी त्याला बाते म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं. तुम्ही सगळे त्याला बेडूक म्हणायचात. मला माहीत आहे कोण कोण म्हणायचं ते. लहान होडीत बसून शिट्टी मारत यायचा ना तुमच्यावर, तोच तो. एकतीस वर्षं धरणावर राखणदार होता. काम काय, तर पाणी ओढायचा मनोरा आहे ना, त्याच्याभोवती तरंगत्या पिवळ्या पिंपांची तार. तारेच्या बाहेर पोहायचं, तारेच्या आत कुणी जायचं नाही. तो ओरडायचा, "तिकडं पोहा, नाचा, मुता! इथं गाव पाणी पितं!" बायका लाजायच्या. पुरुष म्हणायचे, "बेडका, तुझ्या बापाचं पाणी आहे का?" तो म्हणायचा, "नाही, तुझ्या आईच्या सूपचं आहे."

रोज सकाळी धरणाच्या भिंतीवर उभं राहून पत्र्याचा मग बुडवून एक मग पाणी प्यायचा. गावाच्या आधी मी पितो म्हणायचा. बायको सोडून गेली त्याची. म्हणाली, हा उन्हाळ्यात घरी नसतो आणि हिवाळ्यात घरी असला तरी धरणाचंच बोलतो. खरं होतं ते. माझ्या पोरीच्या लग्नाला सुद्धा आला नाही, जुलैचा रविवार होता, गर्दीचा दिवस. जेवणं उठल्यावर ओल्या बुटांनी आला, हातात हा एवढा मासा. मी दोन महिने बोलले नाही त्याच्याशी. आता ते दोन महिने मला टोचतात.

यंदा वसंतात किनारा गालिननं भाड्यानं घेतला. कॉफीची टपरी टाकली, गाणी लावली, स्पीडबोटी आणल्या. स्पीडबोटीला जागा लागते. मे महिन्यात एका सकाळी बाते गेला तर पिंपं आपल्या जागेवर नाहीत. दोनशे पावलं आत, मनोऱ्याकडं सरकवलेली. त्यानं ओढून परत आणली. परत सरकवली. परत आणली. असं तीनदा. मग पाणीखात्याच्या ऑफिसात गेला. तिथं म्हणाले, नकाशा बदललाय मिन्को, तू कशाला जीव जाळतोस, दोन वर्षांत पेन्शन. तो घरी आला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "त्सोन्का, नकाशा बदलला म्हणतात. ती कडी मी खडकात ठोकलीय, हातानं. तिला कुणी सांगितलं का नकाशा बदलला म्हणून?"

कडी म्हणजे तार बांधायची लोखंडी कडी. काठाच्या खडकात आहे अजून. गंजानं खाली लांबच लांब लाल ओघळ आलाय. जाऊन बघा.

जूनमध्ये, मंगळवारी, सकाळी दहा वाजता तो होडीतून तार घेऊन त्या कडीकडं निघाला. लख्ख ऊन होतं. पिवळा शर्ट होता अंगात. सोफियाहून आलेला एक पाहुणा गालिनची बोट चालवत होता. ती सरळ बातेच्या होडीवर आली. म्हणे दिसला नाही.

पोलिसांच्या कागदात लिहिलंय, मयत स्वतः होऊन बोटींच्या हद्दीत आला. बोटींच्या हद्दीत! एकतीस वर्षं ज्या जागी कुणाला पाय बुडवू दिला नाही, तिथं तो मेला आणि तीच जागा मेल्यावर दुसऱ्याची झाली.

म्हणून फान्काकडं गेले. ती म्हणाली, "मावशी, काय लिहू, दुर्दैवी अपघातानं सोडून गेले?" मी म्हणाले, अपघात नको. लिही, पिण्याच्या पाण्यात गेला. तिनं चष्मा काढला. म्हणाली, "असं कुणी लिहीत नाही." मी म्हणाले, मग आपण लिहू.

रीतीप्रमाणे लावले कागद. घराच्या दारावर, बसथांब्यावर, ऑफिसच्या फाटकावर. आणि गालिनच्या टपरीवर. दुपारी गेले तर फाडलेला. परत लावला. तो बाहेर आला.

"मावशी, लोक इथं मजा करायला येतात."

"माझा भाऊ पण इथंच यायचा."

"ते सगळं खरं, पण हे वाचून कॉफी कोण घेईल?"

"कॉफी कुठल्या पाण्याची करतोस रे?"

त्यानं परत फाडला.

पण गावानं वाचला होता तोवर. मग तुमची धावपळ. दुकानातलं बाटलीचं पाणी संपलं. बाते जिवंत होता तोवर त्या पाण्यात कोण काय करतंय याची कुणाला फिकीर नव्हती. एक माणूस मेला आणि सगळ्यांना एकदम घाण वाटायला लागली. पाणीखात्याला इतके फोन गेले की इंजिनियर वेल्चेव माझ्या घरी आले. बूट काढून आत आले, तेवढं चांगलं वळण आहे.

"बाई, ती ओळ तेवढी काढा. लोक नळाला तोंड लावेनात."

"खोटी आहे का ओळ?"

"नकाशाप्रमाणं ते बोटींच्या पाण्यात गेले. पिण्याच्या पाण्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे नळाचं पाणी चांगलं आहे?"

"शंभर टक्के."

मी उठले, नळ सोडला, ग्लास भरला, त्यांच्यापुढं ठेवला. "घ्या."

त्यांनी ग्लासाकडं बघितलं. मग खिडकीकडं. म्हणाले, आत्ताच कॉफी झाली. मी म्हणाले, कॉफीवर पाणी पितातच. ते बसले तसेच, हात मांडीवर. त्या ग्लासाला बोट सुद्धा लावलं नाही त्यांनी.

मग मी उचलला आणि प्यायले. सगळा प्यायले. माझा भाऊ त्यात गेला आणि मी प्यायले, त्यांच्या तोंडाकडं बघत. मी म्हणाले, ओळ काढणार नाही. तार होती तिथं लावा, मग माझ्याकडं या.

ते आले नाहीत. पण अडतिसाव्या दिवशी मी धरणावर गेले तर पिंपं जुन्या जागी! तार बातेच्या कडीला बांधलेली. कुणी सांगितलं नाही, कुणी माफी मागितली नाही. मी तशीच पोलिसांकडं गेले. ते म्हणाले, तार ज्यांनी लावली ते खातं वेगळं, आमचं खातं वेगळं. कागद बदलत नाही. पाणीखात्याला कळलं तो कुठं मेला, पोलिसांना कळत नाही. एकाच गावात राहतात दोघं. एकाच नळाचं पितात.

काल बातेचा चाळिसावा दिवस झाला. गहू उकडले, साखर घातली, भिंतीवर उभी राहून वाटले. सातजण आलात. बाकीचे कुठं होतात ते मी विचारत नाही, किनाऱ्यावरून गाणी ऐकू येतच होती. फान्कानं बातेचा फोटो लहान केला आणि नव्या कागदावर पाचवी ओळ बसवली: तार बांधली आहे तिथंच गेला.

टपरीवर लावताना गालिन हात पुसत आला. वाचलं त्यानं.

"आता संपलं ना मावशी?"

"सहा महिन्यांनी लावायचा, मग वर्षानं. तुमच्याकडं मेलेल्याचे कागद लावत नाहीत का?"

काल त्यानं फाडला नाही. आज सकाळी फाडला. माझ्याकडं अजून सतरा आहेत.