टिपेखालचं कुंकू

खंडेनवमीची पूजा दणक्यात करावी तर मीच, असा आमच्या उद्यमनगरात माझा लौकिक आहे. गेल्या वर्षी वर्कशॉपसाठी नवा टूल होल्डर, म्हणजे लेथवर धातू कापणारी टिप धरणारा पोलादी दांडा, आणला होता. त्याच्या टोकाला कार्बाइडची टिप बसवायला एक खोलगट बैठक असते. मला ती खास कुंकवासाठीच कोरल्यासारखी वाटली. पाण्यात कालवलेलं कुंकू काठोकाठ भरलं, वर दोन अक्षता चिकटवल्या.

दसऱ्यानंतर उचगावहून येणारे आमचे टर्नर मामा त्या होल्डरवर बारीक शाफ्ट काढायला बसले आणि टिपा तुटू लागल्या. मी ठरवलं, टिपच चुकली. अधिक चिवट आणली, तीही तुटली. मग मोठ्या गोल टोकाची आणली, दिसायला एकदम पैलवान. दुकानदार सांगत होता की बारीक कामाला एवढ्या टोकाचा दाब सोसणार नाही. पण मी ऐकणारा असतो तर काय! लेथ असा थरथरला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं आणि शाफ्टवर लाटा उठल्या.

मामांनी त्या दुपारी जेवणाचा डबा उघडलाच नाही. सगळं आयुष्य त्यांनी लेथवर काढलं होतं. हळूच म्हणाले, "मालक, हात गेला माझा. दिवाळीपासनं न्हाय येत."

 मी बाह्या सरसावल्या आणि आता मीच टिप बसवतो, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. स्क्रू आवळला, अंगठ्याने दाबून पाहिलं, तर टिप एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुगडुगत होती. काढून सुईने टोकरलं. खाली लाल, दगडासारखा घट्ट थर, आणि त्यात माझीच एक अक्षता.

"मामा, हे पुसलं का नाही?"

"पूजेचं कुंकू पुसायचं कुणी? तुम्हीच लावलंसा की."

बैठक घासून लख्ख केली. पहिल्यासारखीच लहान टोकाची नवी टिप बसवली. मामांनी लेथ सुरू केला. शाफ्ट असा उतरला की त्यात मला माझं ओशाळलेलं तोंड दिसलं. मग मामांनी डबा उघडला आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. दिवाळीपासून न येण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदा खंडेनवमीला मी पूजेचं ताट घेऊन लेथपाशी गेलो, तर मामा होल्डरवर पंजा ठेवून उभे.

"दांड्याला लावा," म्हणाले. "तोंडाला न्हाय."