आयच्या उच्चाराने

"हे बघा, हिचे उच्चार कुठून आले ते," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणत मास्तरांनी माझ्या आयला वर्गात बोलावलं.

आय व्हरांड्यात उभी होती. नादारीच्या, म्हणजे फीमाफीच्या, अर्जावर अंगठा द्यायला मिठागरावरून तशीच आलेली. पोटऱ्यांवर मीठ वाळून पांढरं झालेलं. त्या दिवशी इंग्रजी वाचनाची तोंडी परीक्षा होती. उतारा मोठ्याने वाचायचा, मग मास्तर विचारतील त्याची उत्तरं द्यायची. मी नापास झाले तर नादारी बंद. नादारी बंद म्हणजे माझी शाळा बंद. पुढच्या बाकांवरच्या, फी भरू शकणाऱ्या वाडीवाल्यांच्या मुलांना ही भीती माहीत नव्हती.

उतारा वादळात सापडलेल्या जहाजाचा होता. मास्तरांनी पहिलं वाक्य आयला म्हणायला लावलं.

"म्हण बाई. द शिप वॉज इन ग्रेट डेंजर."

आयने पदर सावरला. "द सिप वाज इन गिरेट डेंजर."

वर्ग हसला. बाकं वाजली. आयही हसली. तिला वाटलं, सगळे खूश झाले.

तिचं ते हसणं अजून माझ्या छातीत रुतून आहे.

"आता तू शुद्ध वाच," मास्तर मला म्हणाले. "आईलाही कळू दे फरक."

एव्हाना मला शुद्ध येत होतं. घरी कुडाकडे तोंड करून घोटलेलं. मी पुस्तक उचललं आणि अख्खा उतारा आयसारखा वाचला. सिप. गिरेट. मुद्दाम. मग प्रश्न आले. जहाज का फुटलं, कप्तान सर्वांत शेवटी का उतरला. सगळी उत्तरं बरोबर दिली, इंग्रजीत, आयच्या उच्चारात. आता कुणी हसत नव्हतं.

मास्तरांनी नापास केलं.

वाटेत आयने विचारलं, "बरा बोलली ना मी?"

"बरा बोललीस, आये."

पुढे मी तिच्याबरोबर मिठागरावर मीठ ओढू लागले. मॅट्रिक बाहेरून दिली, फार उशिरा. माझी शाळा का सुटली, हे तिला कधी कळलं नाही. मास्तरांसमोर आपण विंग्रजी बोललो, हे मात्र ती आळीभर सांगत राहिली.

काल तिचं बारावं झालं. बायका तीच गोष्ट कौतुकाने सांगत होत्या. मी भांडी घासत ऐकत होते. रडूसुद्धा आलं नाही.

उद्या शिक्षिकेच्या जागेसाठी मला बोलावलंय. निवड करणाऱ्या मंडळींसमोर इंग्रजी उतारा वाचायला लावतील. घरात धान्य नाही, दुसरी नोकरी नाही.

तरी मी सिप म्हणणार. अर्थ विचारा. सगळा सांगेन.